पार्सलचं पोट

"आज वेळेवर," असं इंगळेकाकांनी सकाळी साडेसहाला फाटकातून जाहीर केलं की आमच्या गल्लीचा चहा गोड लागतो. "मुक्कामी हाये," म्हणाले तर जरा कमी गोड लागतो. आणि "विनाथांबा" म्हणाले तर त्या दिवशी गल्लीतलं कुणी अनवाणी घराबाहेर पडत नाही.

नव्या माणसाला यातलं काही कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही या गल्लीत राहायला आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. सामान अजून खोक्यांत होतं, नवऱ्याचा एक मोजा सापडत नव्हता, आणि मला धाड गावच्या शाळेत वेळेवर पोचायचं होतं. एवढ्यात शेजारून खणखणीत आवाज आला, "पहाटपासून विनाथांबा चालू हाये, नोंद घ्यावी." मला वाटलं, देव पावला. धाडची साधी गाडी हात दाखवणाऱ्यासाठी थांबते आणि न दाखवणाऱ्यासाठीही थांबते. मी पर्स उचलून धावत फाटकाशी गेले आणि विचारलं, "किती वाजता सुटते हो?"

फाटकात राखाडी सफारीतले एक उंच गृहस्थ उभे होते. "पाचपासून चारदा सुटली," ते गंभीरपणे म्हणाले, आणि हातातल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाकडे त्यांनी पाहिलं. तिथे मांजराएवढं एक पांढरं कुत्रं मान खाली घालून उभं होतं. आपल्याविषयी चारचौघांत काय बोललं जातंय, हे त्याला पुरतं समजत असावं.

ते गृहस्थ म्हणजे प्रल्हादराव इंगळे, आणि ते कुत्रं म्हणजे पार्सल.

इंगळेकाका एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. गावात त्यांना अजूनही इंगळे कंट्रोलर म्हणतात. बुलढाण्याला रेल्वे नाही. ज्याला कुठेही जायचं त्याला स्टँडवरच यावं लागतं, त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी काकांच्या आवाजाच्या हुकमतीखाली उभा राहिलेला आहे. मी तर वर्षानुवर्षं. त्यांचा चेहरा पाहायच्या आधी मी त्यांचा आवाज ओळखत होते. तो ओळखीचा होता म्हणूनच त्या सकाळी मी विश्वास ठेवून धावले.

निवृत्त झाल्यावर माणसं कोट काढून ठेवतात. काकांनी भाषा काढून ठेवली नाही. पार्सलचं पोट जन्मजात नाजूक, आणि त्याची खबर रोज कुठल्या शब्दांत सांगायची हा प्रश्न होता. काका सभ्य माणूस. चारचौघांत, बायाबापड्यांसमोर, जुलाब वगैरे शब्द तोंडातून निघणं शक्य नाही. मग त्यांनी आपल्या पोतडीतले शब्द काढले. नीट झालं की वेळेवर. पोट धरून बसलं, काही केल्या निघेना, की मुक्कामी. सैल झालं की विनाथांबा. दोनदा झालं तर दुसरी ती जादा गाडी. गल्लीच्या टोकाला मोकळा प्लॉट आहे, तो फलाट. आणि खाल्लेलं तोंडावाटे बाहेर आलं तर ती परतीची फेरी.

महिनाभरात अख्खी गल्ली ही भाषा शिकली. माझ्या नवऱ्याचं पोट बिघडलं तेव्हा तोही बाथरूममधून म्हणाला, "आज मला विनाथांबा आहे." लग्नाला अठरा वर्षं झाली, पण एवढी नेमकी भाषा त्याच्या तोंडी मी प्रथमच ऐकली.

दुसरी त्यांची सवय म्हणजे वाक्याच्या शेवटी "नोंद घ्यावी" म्हणणं. "मॅडम, तुमची मोटर चालू राह्यली, नोंद घ्यावी." "तुमच्या दारातली चप्पल पार्सलनं वल्ली केली, नोंद घ्यावी." चप्पल त्यांच्याच कुत्र्यानं भिजवलेली असायची, पण सांगण्याचा सूर असा की आपणच ओशाळून म्हणावं, बरं काका.

मला कुत्री आवडत नाहीत, हे इथेच सांगून टाकते. मी पार्सलला कधी जवळ घेतलं नाही. त्याची नजर मात्र वाईट. आपण काही खात असलो की ते समोर येऊन बसतं आणि घासाबरोबर मान वरखाली करतं. आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी त्याची एक ठरलेली जागा होती. तिला काका "विनंती थांबा" म्हणत.

पार्सल काकांकडे आलं कसं, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं. निवृत्तीला सहा महिने उरले होते. मेहकरहून आलेल्या गाडीत शेवटच्या बाकाखाली एक वेताची टोपली राहिली. आत टॉवेलात गुंडाळलेलं हे पिल्लू. काकांनी आठ दिवस स्पीकरवरून पुकारा केला, की मेहकर गाडीत एक लहान कुत्रं राहिलं आहे, ज्यांचं असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावं.

"कोणी आलंच नाही?" मी विचारलं.

"आले ना. पाच-सहा जन आले. फुकट भेटून राह्यलं म्हनल्यावर कोन सोडते?"

"मग?"

"एकालेही वळख नाई पटवता आली. हे सगळ्यायलेच पाहून शेपटी हालवे. ते काई मी पुरावा धरला नाई." मग म्हणाले, "नवव्या दिवशी मीच वळख पटवली."

इंगळेकाकू त्याच्या वर्षभर आधी गेल्या होत्या. त्या साखरखेर्ड्याच्या. मी त्यांना पाहिलेलं नाही. पोटाचं काहीतरी दुखणं होतं, एवढंच गल्लीला माहीत. काका त्याबद्दल बोलत नसत आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. मुलगी नाशिकला. ती दर रविवारी फोन करून म्हणायची, बाबा, इकडे या. काका म्हणायचे, पार्सलले घाट मानवत नाई.

गेल्या वर्षी थंडीत पार्सलचं पोट खरोखरीच बिघडलं. दोन दिवस काकांच्या घोषणा वाढत वाढत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी ते आमच्या दारात आले. "मॅडम, मी स्कूटर चालवतो. तुमी पार्सल धरा."

मी म्हणणार होते की मला कुत्री आवडत नाहीत. पण टोपलीतून ते इतकं बारीक कण्हत होतं की मी मुकाट्यानं मागे बसले.

जनावरांच्या दवाखान्यात त्या दिवशी एक म्हैस, दोन बैल आणि शेळ्यांची एक फौज होती. त्यांच्यात टोपली मांडीवर घेऊन मी, पाचवीच्या वर्गाला दरडावणारी बाई, अंग चोरून बसले. म्हशीवाल्या बाबांनी टोपलीत वाकून पाहिलं.

"याले काऊन आनलं?"

"पोट बिघडलं," काका म्हणाले.

"मंग वावरात सोडून द्या. गवत खाईन अन् बरं होईन."

"हे गवत खात नाई."

"मंग काय खाते?"

"डोकं," मी म्हणाले. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा अर्धा तास बोलले नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, साताऱ्याकडच्या, इकडे नुकत्याच बदलून आलेल्या. "काय होतंय?" त्यांनी विचारलं. काका सावधानमध्ये उभे राहिले.

"परवा मुक्कामी होती. काल सकाळपासून विनाथांबा. दुपारून दोन परतीच्या फेऱ्या झाल्या."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, एवढ्याशा जिवाला घेऊन कशाला एवढा प्रवास केलात? पोट बिघडणारच की."

मग मला बोलावंच लागलं. वर्गात न वापरलेले सगळे शब्द मी त्या दिवशी स्वच्छ मराठीत उच्चारले. काका त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते.

तपासणी झाली, रक्त घेतलं गेलं. स्वादुपिंडाला सूज होती. "छोट्या कुत्र्यांत होतं असं," बाई म्हणाल्या. "स्निग्ध काही पचत नाही. यापुढे तूप, तेल, तळलेलं, सायीचं, एक कणसुद्धा नाही. नीट ऐका काका. पुन्हा असं झालं तर मी खात्री देऊ शकणार नाही."

"पथ्य म्हंजे पथ्य," काका म्हणाले. त्यांचा आवाज जरा निराळा लागला, पण मला वाटलं सर्दी झाली असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर एक काळा बोर्ड टांगलेला दिसला. जुनाच होता, पण पुसून लख्ख केलेला. वर ठसठशीत अक्षरांत "वेळापत्रक", आणि खाली साडेसहाचं कोमट पाणी, सातची तांदळाची पेज, अकराचं मुगाचं पाणी, चारचा मऊ भात, असं सगळं खडूनं आखून दिलेलं. तळाशी टीप होती. अनधिकृत खाद्यपदार्थ देणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल. काका कारवाई करतही असत. समोरच्या जोशीण आजींनी पार्सलला अर्धं बिस्कीट दिलं तर काकांनी त्यांच्या ओट्यावर पाऊण तास उभं राहून चौकशी केली. बिस्कीट कोणतं, किती वाजता, साक्षीदार कोण. आजी शेवटी म्हणाल्या, "अहो इंगळे, ते बिस्कीट मी माझ्या पेन्शनीतून आणलं होतं हो," आणि त्यांना रडू फुटलं. मग काकांनीच त्यांना पाणी आणून दिलं.

पार्सल बरं झालं. महिनाभर गल्लीनं "वेळेवर" एवढा एकच शब्द ऐकला. त्यानं बाळसं धरलं. आणि एक दिवस काका निमंत्रण घेऊन दारात हजर. "शनिवारी बारा वाजता, धाड रस्त्यावरच्या मारुतीपाशी. रोडगे हायेत. सहकुटुंब, नोंद घ्यावी."

रोडगे म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. जाडसर कणकेचे घडीघडीचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांवर भाजलेले. राख झटकायची, रोडगा फोडायचा आणि त्यात तूप जिरेल तेवढं सोडायचं. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. मारुतीला नवस बोलावा तो रोडग्यांचाच. मला नवल वाटलं ते काकांचं. देवाच्या भरवशावर मी घाटात गाडी सोडत नाई, असं म्हणणारा हा माणूस.

"कसला नवस काका?"

ते पायातल्या चपलेकडे पाहत म्हणाले, "पार्सलच्या पोटाचा. त्या दवाखान्यात बसलो होतो ना, तवाच बोलून टाकला. तुमी डोकं म्हनल्या, त्याच्या आंधी."

शनिवारी आम्ही पंचवीसेक माणसं मारुतीपाशी जमलो. काकांनी स्वतः कणीक तिंबली, स्वतः आर केला. हात लावू दिला नाही कुणाला. पार्सल लिंबाखाली टोपलीत, पुढ्यात पेजेची वाटी. पंगत बसायच्या आधी काकांनी दोन्ही हात तोंडाशी धरून जाहीर केलं, "पार्सलले कोनीबी काई देऊ नये. पथ्य चालू हाये." मग म्हणाले, "मी त्याले जरा फिरवून आनतो," आणि टोपली उचलून देवळाच्या मागे गेले. आले तेव्हा पार्सल मिश्या चाटत होतं. कुत्री मिश्या चाटतातच, असं मला वाटलं, आणि माझं लक्ष तुपाच्या भांड्याकडे होतं.

त्याच संध्याकाळी मी शंकरपाळे तळत होते. दुसऱ्या दिवशी माहेरचं माणूस येणार होतं. मागच्या दारातल्या जागेवर पार्सल येऊन बसलं. झाऱ्याबरोबर त्याची मान वर, झाऱ्याबरोबर खाली. मी पाठ फिरवली. मग पुन्हा वळले. एक शंकरपाळा माझ्या हातातून निसटला. निसटला असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी तो टाकला.

रविवारी सकाळी साडेसहाला काहीच ऐकू आलं नाही. पावणेसात झाले, सात झाले. वेळेवर नाही, मुक्कामी नाही, काही नाही. गल्लीतली माणसं आपापल्या ओट्यावर येऊन काकांच्या फाटकाकडे पाहू लागली. शेवटी मी गेले. काका ओट्यावर मांडी घालून बसले होते आणि पार्सल त्यांच्या मांडीत. पाठ कमानीसारखी वर काढून ते थरथरत होतं. रात्रीपासून ओकत होतं, आता ओकायलाही काही उरलं नव्हतं. तोंडाशी पाण्याची वाटी नेली तर मान फिरवत होतं.

रविवार असूनही डॉक्टरीणबाई दवाखान्यात आल्या. त्यांनी पोटाला हात लावला तेव्हा पार्सल जे ओरडलं ते मी विसरणार नाही. सलाइन लावलं. "काय खाल्लं यानं?" बाईंनी विचारलं. "खरं सांगा, म्हणजे मला औषध ठरवता येईल. पोटात काय आहे हे कळल्याशिवाय मी अंधारात तीर मारतेय."

"सगळं वेळापत्रकापरमानं," काका म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं.

"उद्या सकाळपर्यंत पाण्याला तोंड लावलं तर ठीक," त्या म्हणाल्या. "नाहीतर मनाची तयारी ठेवा."

दुपारी आम्ही त्याला घरी आणलं. मी वाट पाहत होते चौकशीची. अर्ध्या बिस्किटासाठी पाऊण तास घेणारा माणूस, आता कुत्रं मरणाला टेकलंय म्हटल्यावर घरोघर फिरेल, साक्षीदार गोळा करेल, आणि तो माझ्या दाराशी आला की मी काय सांगणार याची मी तालीम करत होते. काका आलेच नाहीत. कुणाकडेच गेले नाहीत. जोशीण आजी तर स्वतःहून सांगायला गेल्या की या खेपेला मी नाही हो, तर काका म्हणाले, "मले माहीत हाये आजी, तुमी नाई."

हे ऐकलं आणि माझी खात्रीच पटली. म्हणजे त्यांना कळलंय, आणि शेजारधर्म म्हणून ते बोलत नाहीत. पाहुण्यांपुढे मांडलेले शंकरपाळे मला पाहवेनात. शाळेत मी पोरांना सांगते, चूक केली तर हात वर करावा. पाच वाजता मी तशीच उठले आणि काकांच्या ओट्यावर गेले.

ते बोर्डाखाली बसले होते. पार्सल टॉवेलावर पडलेलं, डोळे अर्धे मिटलेले.

"काका, मी त्याला शंकरपाळा दिला," मी म्हणाले. "काल संध्याकाळी. तळलेला. माझ्यामुळे झालं हे. सकाळी दवाखान्यात सांगायला हवं होतं, मी घाबरले."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"किती?"

"एक."

"एका शंकरपाळ्यानं असं होत नसते, मॅडम," ते म्हणाले. "मी रोडगा चारला त्याले. अख्खा. वरून तूप सोडून."

"देवळामागे?"

"हाव. नवस त्याच्या नावाचा. ज्याच्या नावाचा नवस, पयला घास त्याचा, नाई तं नवस फिटत नाई. हे काई मी केलेला नियम नाई. आन् आपन सगळ्यायनं बसून जेवायचं, अन् ते पेजंची वाटी घेऊन टुकूटुकू पाहून राह्यलं. मारुतीले काय वाटलं असतं?" मग त्यांनी पार्सलच्या कानावरची माशी हाकलली. "मारुतीचं नाव उगाच घेऊन राह्यलो मी. मलेच नाई पाहावलं."

त्यांनी मान वर करून बोर्डाकडे पाहिलं.

"हा बोर्ड मी पार्सलसाठी नाई केला. सुमनसाठी केलता. तिचं दुखनं निघालं तवा डॉक्टरनं सांगितलं, तेल नाई, तूप नाई, मीठ नाई. पाच महिने मी एक मिन्ट इकडचं तिकडं होऊ नाई देलं. डॉक्टर म्हने, इंगळे, असं पथ्य आमी दवाखान्यातही नाई पाह्यलं. मले लय अभिमान वाटे. एक दिवस ती म्हने, रोडगा खावासा वाटते हो, आमच्या साखरखेर्ड्यासारखा. अर्धाच द्या. मी म्हनलं, पथ्य म्हंजे पथ्य. बरी झाली का तुले माहेरी नेतो, पाच खाय. तं हसली. म्हने, बरं, नोंद घेतली."

पार्सलनं झोपेत पाय हलवला. काकांनी त्याच्यावर टॉवेल ओढला.

"आठव्या दिवशी गेली. पथ्य पाळूनच गेली ना. मंग तो अर्धा रोडगा कोनाचं काय वाकडं करत होता, मॅडम? तवापासून मी रोडगा तोंडात नाई घातला. अन् काल याले नाई म्हनायले तोंड उघडलं, तं आवाजच नाई निघाला."

उभं आयुष्य ज्याच्या आवाजावर गाड्या हलल्या त्या माणसाचा आवाज एका कुत्र्यापुढे बंद पडला होता. मी एवढंच म्हणाले, "काका, डॉक्टरांना सांगायला हवं. आत्ताच."

"रागावन ते."

"रागवू दे."

ते फोन करायला उभे राहिले. बसून चुकीची कबुली देणं त्यांच्यात बसत नसावं. "मॅडम, सकाळी मी चुकीची माहिती देली होती. त्यानं रोडगा खाल्ला. मीच देला." पलीकडून प्रश्न आला असावा, कारण काका रोडगा म्हणजे काय ते सांगू लागले. कणीक कशी दळायची, घड्या किती घालायच्या, गोवऱ्या कशा रचायच्या. तुपापर्यंत आले आणि पलीकडून साताऱ्याची बोली मलाही स्पष्ट ऐकू आली. काका "हाव मॅडम, हाव मॅडम" करत राहिले. वीस मिनिटांत बाई इंजेक्शन घेऊन दारात आल्या. रागावत रागावतच त्यांनी ते दिलं, आणि जाताना माझ्या शंकरपाळ्याचंही नाव काढलं. काकांनी त्यांना तेही सांगून टाकलं होतं.

सोमवारी मी शाळेत गेले नाही. उजाडल्यापासून काकांच्या ओट्यावरच होते. जोशीण आजी होत्या, माझा नवरा होता, सगळे उभे. सव्वासातला पार्सल धडपडत उठलं, वाटीपर्यंत आलं आणि तीनदा जीभ बुडवून पाणी प्यालं. काकांनी नेहमीसारखं काही जाहीर केलं नाही. त्यांनी तोंडावर उपरणं धरलं आणि ते आत निघून गेले. आम्ही सगळे पार्सलकडेच बघत राहिलो.

सावरायला त्याला महिना लागला. दर आठवड्याला काका दवाखान्यात जायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "त्याले आवडन असं काई देता येईन का?" चौथ्या खेपेला बाई हसल्या आणि म्हणाल्या, लाल भोपळा द्या. नुसता उकडलेला. त्यानं काही होत नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी काकांनी मला हाक मारली. एकटीलाच. अंगणात घमेल्यात गोवऱ्यांचा आर केलेला होता. ओट्यावर तीन पाट मांडलेले. पार्सलच्या पाटापुढे केळीच्या पानावर उकडलेल्या भोपळ्याचा आणि भाताचा एक गोल गोळा होता, वर बोटांनी घड्या पाडलेल्या, नीट रोडग्यासारखा. पार्सल त्याच्याकडे पाहत होतं आणि मग काकांकडे पाहत होतं.

काका त्याच्यापुढे उकिडवे बसले. "खाय," ते हळूच म्हणाले. "पोटभर खाय. कोनी नाई म्हनत नाई तुले."

पार्सलनं तोंड घातलं. मग काकांनी आरातला एक रोडगा काढला, राख झटकली, मधोमध फोडला आणि दोन्ही अर्ध्यांवर तूप सोडलं. एक अर्धा त्यांनी पानाच्या डाव्या अंगाला वेगळा ठेवला. दुसऱ्या अर्ध्याचा घास मोडला, हातात धरून क्षणभर थांबले, आणि तोंडात घातला.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. त्यांनी खाली मान घालून तो अर्धा रोडगा सावकाश संपवला, माझ्या पानात एक अख्खा वाढला, आणि मी पुरे म्हणेपर्यंत तूप ओतत राहिले.